एका डब्यामागे एक घर

रविवार, ११ जून २००६. सकाळी साडेदहा. ठिकाण: अरोरा, इलिनॉय, रमिरो यांचं गॅरेज. हजर: रमिरो, म्हणजे माझ्या मुलीच्या सॉकर टीमचे कोच, त्यांची बायको लूपे, त्यांची आई, जिला सगळे आबुएला, म्हणजे आजी, म्हणत, बारा वर्षांखालच्या टीममधल्या चौदापैकी अकरा मुली, त्यांत माझी ईशा, रमिरोंचे भाऊ, मेव्हणे, शेजारी आणि त्यांची पोरंबाळं मिळून सव्वीस, आमचे जाधव काका, मूळचे कोल्हापूरचे, निवृत्त डॉक्टर, आणि मी. एकूण बेचाळीस. गैरहजर: तीन मुली, पैकी एक तापाने, दोघी मिशिगनला आजीकडे. टीव्ही: एक.

ही हजेरी मी त्याच दिवशी लिहिलेली आहे, परत येताना गाडीत गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायला थांबलो तेव्हा, स्टिअरिंगवर वही टेकवून. मला मोजायची सवय आहे. गणपतीच्या जेवणाला किती पानं, सहलीला किती गाड्या, परतताना किती डोकी. लोक हसतात, पण ताटं कमी पडली की माझ्याकडेच येतात. आता त्या हजेरीचा उपयोग एवढाच, की ‘मला कल्पना नव्हती’ हे वाक्य मला वापरता येत नाही. कल्पना होती. आकड्यासकट होती.

हे सगळं वर आलं ते या, म्हणजे २००८ च्या, जूनमुळे. यंदा युरोपातल्या देशांची स्पर्धा इथल्या साध्या इंग्रजी केबलवर दाखवताहेत. गेल्या आठवड्यात दुपारी मी ऑफिसच्या ब्रेकरूममध्ये डबा गरम करायला गेले, तर सहा-सात जण सँडविच हातात धरून टीव्हीसमोर उभे. कोणीतरी विचारलं, ऑफसाइड म्हणजे काय. माझा बॉस डग मीठदाणी आणि केचपच्या पुड्या मांडून समजावून सांगत होता. चुकीचं सांगत होता, पण किती आपुलकीने. बाहेर पार्किंग लॉटमध्ये कॉटनवूडच्या झाडांचा कापूस उडत होता. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तो असाच उडतो, गाड्यांच्या वायपरमध्ये साठतो, दारातून आत येतो. मायक्रोवेव्ह वाजला आणि मी डबा न घेताच परत आले.

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांना केबल पुरवणाऱ्या एका मध्यम कंपनीत काम करते. माझं काम चॅनलच्या यादीचं. कोणतं चॅनल कोणत्या नंबरवर, कोणत्या पॅकेजमध्ये, कोणत्या गावात चालू, कोणत्या गावात बंद, हे शेवटी माझ्या शीटवर येतं. निर्णय माझा नसतो. निर्णय ज्या कागदावर होतो तो कागद माझा असतो. बरीच वर्षं मला हा फरक मोठा वाटत असे.

ईशा नऊ वर्षांची असताना सॉकरला गेली, कारण आमच्या नेपरव्हिलमध्ये सगळ्याच मुली जात. शनिवारी दुपारी पार्कच्या मैदानावर नजर पोचेल तिथपर्यंत पोरं. पिवळे, जांभळे, हिरवे टी-शर्ट, गुडघ्यापर्यंत मोजे, कापलेल्या गवताचा आणि सनस्क्रीनचा मिसळलेला वास. रेषेबाहेर घडीच्या खुर्च्यांवर आईबाप. हाफटाइमला संत्र्याच्या फोडी. त्या फोडींचं वेळापत्रक अर्थातच मी करायची. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, एवढी पोरं खेळताहेत म्हणजे हा देश सॉकरवेडा असणार. मग लक्षात आलं की या मैदानावरच्या कोणालाही, पोरांना किंवा आईबापांना, एकाही खेळाडूचं नाव सांगता येत नाही. ज्या मुलाला बेसबॉलच्या अख्ख्या टीमची नावं पाठ, तो स्वतः खेळत होता सॉकर, आणि कोणासारखं खेळायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. खेळत सगळे होते. बघत कोणी नव्हतं. तेरा-चौदाव्या वर्षी पायातले बूट लहान होत आणि बुटांबरोबर खेळही सुटे.

रमिरो आले ते ईशाच्या सॉकरच्या तिसऱ्या वर्षी. शाळेच्या बस दुरुस्त करण्याच्या गॅरेजमध्ये ते मेकॅनिक होते. नखांच्या कडेला काळी रेघ, आवाज हळू, इंग्रजी तुटक. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत घालते आहे, म्हणून ते सफाईदार वाटेल. प्रत्यक्षात ते शब्द शोधत बोलत आणि सापडला नाही की हाताने दाखवत. दुसऱ्याच प्रॅक्टिसला त्यांनी मुलींना विचारलं, “तुमच्यापैकी किती जणींनी एक पूर्ण मॅच बघितली आहे?” एकही हात वर झाला नाही. ते हसले. “म्हणजे तुम्ही गाणं न ऐकता गाणं शिकताय.”

त्यानंतर शनिवारची शिकवणी सुरू झाली. युरोपातल्या लीगच्या मॅचेस इथे शनिवारी सकाळी थेट दिसत, आमच्याच कंपनीच्या चौसष्ट नंबरच्या चॅनलवर. मुलींना पावणेनऊला रमिरोंच्या गॅरेजमध्ये सोडायचं. गाडी बाहेर काढलेली, जमिनीवर जुने गालिचे, कोपऱ्यात टायर रचलेले, वर्कबेंचवर टीव्ही. प्रत्येक मुलीला एक खेळाडू नेमून दिलेला. नियम एकच: चेंडूकडे बघायचं नाही. नव्वद मिनिटं आपल्या माणसाकडेच बघायचं. चेंडू त्याच्याकडे नसताना तो काय करतो, कुठे चालतो, कुठे धावतो, मान किती वेळा वळवून मागे बघतो.

“कोच, पण गोल झाला तर?” ईशाने विचारलं होतं.

“गोल झाल्याचं बाकीचे ओरडून सांगतील. तू तुझा माणूस सोडू नकोस.”

मला ही पद्धत इतकी आवडली की मी मुलींसाठी एक तक्ता छापून आणला. पाच-पाच मिनिटांचे रकाने, खेळाडू कुठे आहे, काय करतो, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. रमिरोंनी तो तक्ता दोन्ही हातांत धरून बघितला. “मिसेस, बसच्या दुरुस्तीला माझ्याकडे असा कागद असता तर.” मला फार बरं वाटलं होतं. मे महिन्यापर्यंत मैदानावर फरक दिसायला लागला. चेंडूमागे मधमाश्यांसारखा घोळका करून धावणाऱ्या मुली पसरून उभ्या राहू लागल्या. ईशा मान वळवून मागे बघायला शिकली. रेषेबाहेरच्या आईबापांना त्यातलं काहीच कळलं नाही. मलाही तक्त्यामुळेच कळलं.

आता तो जून. तीनच दिवस सांगते, शनिवार, रविवार, सोमवार.

शनिवारी, दहा तारखेला, जाधव काकांच्या बेसमेंटमध्ये क्रिकेट. भारताची टीम वेस्ट इंडिजमध्ये होती, त्यामुळे मॅच सकाळी उजेडी सुरू होई, अलार्म लावून उठायची गरज नव्हती. आमच्याच कंपनीचं क्रिकेटचं महागडं पॅकेज आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकट्या काकांनी घेतलेलं, आणि बघायला सगळी मंडळी त्यांच्याकडे. कोणी घेतलं आहे आणि कोण कोण बघतं याबद्दल बाहेर बोलायचं नाही, असं ठरलेलं होतं. ठरवणारी मीच. ईमेल माझी: अकरा कुटुंबं, कोणी पोहे आणायचे, कोणी ढोकळा, कोणी बर्फ. जिन्याखाली चपलांचा ढीग, अठ्ठावीस माणसं, आणि आपला सलामीचा फलंदाज असा सुटला होता की बायकासुद्धा चहा टाकायला वर जाईनात.

“बघ, डबा एक आणि टाळकी अठ्ठावीस,” काका टीव्हीवरच्या केबलच्या बॉक्सकडे बोट दाखवून म्हणाले. “तुझ्या कंपनीला यातली किती दिसतात गं?”

“एक,” मी म्हणाले. “एका बॉक्समागे एक घर.”

“म्हणजे आम्ही सत्तावीस जण भुतंच की.”

सगळे हसले. मीही हसले.

रविवारी मेक्सिकोची मॅच होती. वर्ल्ड कपच्या मॅचेस स्पॅनिश चॅनलवर फुकट, साध्या अँटेनावर दिसत. काकांना डोळ्यांमुळे गाडी चालवायची बंदी होती आणि फुटबॉल म्हटल्यावर ते स्वतःहून म्हणाले, “मला नेणार असशील तर येतो.” कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल म्हटल्यावर घरात बसवत नाही. रमिरोंच्या गॅरेजचं दार वर सरकवलेलं, अंगणात भट्टीवर कणसं भाजत होती. लूपे त्यांना मेयोनीज, चीज आणि लाल तिखट लावत होती. जास्वंदीचं थंड सरबत मोठ्या काचेच्या पिंपात. माझ्या जिभेला तिखट ओळखीचं वाटलं, मेयोनीज नाही. काकांनी फक्त तिखट आणि लिंबू मागून घेतलं. आबुएलाने त्यांच्याकडे रोखून बघितलं, मग स्वतःचंही कणीस तसंच करून घेतलं.

कॉमेंट्री स्पॅनिश. मुलींना एक अक्षर कळत नव्हतं आणि एकीनेही चॅनल बदलायला सांगितलं नाही. इंग्रजीत तीच मॅच दुसऱ्या चॅनलवर चालू होती. त्या चॅनलवर आदल्या दिवशी दुसरी एक मॅच थोडी बघितली होती. तिथले लोक खेळ समजावून सांगत होते, पाहुण्याला घर दाखवावं तसं. इथे कॉमेंट्री करणारा माणूस त्या घरातच राहत होता. चेंडू मैदानाच्या मध्यात असला की आवाज कुजबुजीसारखा, पुढे सरकला की वर चढणारा, आणि गोल झाला तेव्हा त्याने तो एकच शब्द श्वास संपेपर्यंत ओढला. बेचाळीस माणसं एकदम उभी राहिली. टायरचा ढीग कोसळला. ईशा माझ्या गळ्यात पडली, मग लूपेच्या, मग एका अनोळखी मेव्हण्याच्या. इतका आनंद झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती, आणि मॅच तिच्या कोणाचीच नव्हती.

हाफटाइमला बरोबरी होती. काका खुर्चीत मागे रेलून मला म्हणाले, “आमच्याकडं टीव्ही नव्हता तवा बी माणसं भिंतीवर चढून मॅच बघायची. तालमीतालमीची टीम. हरलेल्या पेठेत त्या दिवशी चूल पेटायची न्हाई. हितं एवढी मैदानं, एवढी पोरं, आणि बघायला कोण? आईबाप. ते बी मोबाईलवर बोलत.”

मी त्यावर बरेचदा विचार केला आहे. जिथे माणसं चालत मैदानावर पोचतात तिथे खेळ भिंतीवरून पसरतो. इथे गावं हायवेच्या कडेने पसरलेली, चढून बसायला भिंतच नाही. इथे टीव्ही हीच भिंत. आणि भिंतीवर कोणाला चढू द्यायचं हे दूर कुठेतरी एका करारात ठरतं. एकाच मॅचचे हक्क दोनदा विकले जातात, एकदा इंग्रजीत, एकदा स्पॅनिशमध्ये. ऑफिसात ऐकत आले होते की स्पॅनिशवाले त्यासाठी धावत जातात आणि इंग्रजीवाल्यांना गळ घालावी लागते. कारण सरळ आहे. पंचेचाळीस मिनिटं खेळ थांबत नाही, जाहिरातीला जागाच नाही. ज्या खेळात जाहिरात बसत नाही तो खेळ इथे दुपारी, कोपऱ्यात, वरच्या नंबरांवर जातो. तिथे तो कोणाला सापडत नाही. कोणाला सापडत नाही म्हणून पुढच्या वर्षी आणखी वरच्या नंबरावर. हे चक्र मला पाठ होतं. माझ्याच शीटवरून ते फिरत होतं.

मॅच मेक्सिकोने जिंकली. निघताना रमिरो म्हणाले, “आता उन्हाळाभर या मुली स्वतःहून येतील. ऑगस्टमध्ये लीग सुरू झाली की पुन्हा चौसष्ट.” त्यांनी चौसष्ट हा आकडा असा उच्चारला, जसा आपण एखाद्या शाळेचं नाव घेतो.

सोमवारी मी ऑफिसात चौसष्टचीच शीट उघडली.

त्या चॅनलने युरोपातल्या लीगचे हक्क नव्याने घेतले होते आणि केबल कंपन्यांकडून जास्त पैसे मागत होतं. ठेवायचं की काढायचं, हे ठरवायला डगला गावागावाचे आकडे हवे होते. अकरा वाजता अमेरिकेची स्वतःची वर्ल्ड कपची पहिली मॅच होती. आमच्याकडे भिंतभर मॉनिटर आहेत, सगळी चॅनल एकदम दिसतात, आवाज बंद. त्यातल्या एका चौकोनात अमेरिका हरत होती. लोक कॉफी घेऊन त्या भिंतीसमोरून जात होते. डग थांबला, मान तिरकी केली आणि म्हणाला, “ही फायनल आहे का?”

“पहिली मॅच,” मी म्हणाले.

“मग अजून किती दिवस चालणार हे?”

“महिनाभर.”

“कोण बघतं?” हे त्याने छद्मीपणे विचारलं नव्हतं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आदल्या दिवशीची वही माझ्या पर्समध्ये होती.

अरोराच्या ओळीत मी आकडा भरला. चौसष्ट लावणारे बॉक्स, बोटांवर मोजण्याइतके नसले तरी त्या गावाच्या मानाने नगण्य. त्यांतला एक रमिरोंचा, हे मला माहीत होतं. एका बॉक्समागे एक घर. त्या ओळीच्या शेवटी माझ्या सगळ्या शीटला असतो तसा शेऱ्याचा रकाना होता. ऑफिसात मी त्या रकान्यासाठी प्रसिद्ध आहे. कुठल्या गावात नवी वसाहत होते आहे, कुठे वृद्धाश्रम आहे, कुठे शाळेच्या सुट्टीत आकडे फुगतात, मी सगळं लिहिते. डग म्हणतो, शीट नाही वाचली तरी चालेल, शेरे वाचा. त्या दिवशी मला एकच वाक्य लिहायचं होतं: या गावात हे चॅनल घोळक्याने बघितलं जातं, बॉक्स मोजून प्रेक्षक कळणार नाहीत.

ते मी लिहिलं नाही.

का नाही, याची उत्तरं मी दोन वर्षं लावून बघते आहे. एप्रिलमध्ये ऑफिसात एक पत्रक फिरलं होतं: एक पॅकेज एका कुटुंबापुरतं, घोळक्याने बघणं आढळलं तर कळवा. ‘घोळका’ हा शब्द माझ्या शीटवर आला असता तर प्रश्न निघाले असते, आणि त्या प्रश्नांच्या वाटेवर जाधव काकांचं बेसमेंट होतं, माझी अकरा कुटुंबांची ईमेल होती. पत्रकात मुळात महागडी पॅकेजं होती, चौसष्ट नव्हतं. आमचं क्रिकेट होतं. म्हणजे रमिरोंच्या गॅरेजमधलं बघणं सरळ होतं आणि आमचं लपवलेलं, आणि आमचं लपून राहावं म्हणून मी त्यांचं लपवलं. नोकरी जाईल अशी भीती? नाही. ग्रीन कार्ड येऊन तीन वर्षं झाली होती, तीही सबब नाही. एक प्रश्न आला असता, थोडं अवघडले असते, एवढंच.

आणि त्याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला मला हा लेख लागला. मी या देशात, त्या इमारतीत, मोजणाऱ्यांच्या बाजूला बसले होते. ती खुर्ची मिळवायला मला बारा वर्षं लागली होती. गॅरेजमधली माणसं मोजली जाणाऱ्यांतली. काकांच्या बेसमेंटमध्ये मीही मोजली न गेलेलीच होते, पण सोमवारी सकाळी ते आठवायचं नव्हतं. त्यांचं कणीस खाल्लं, त्यांच्या सरबताची रेसिपी लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाजूने एक ओळ लिहायला माझा हात वळला नाही. शीट वेळेच्या आधी दिली. डग म्हणाला, “क्लीन. थँक यू.”

एक ऑगस्टला चौसष्ट बंद झालं.

शीटमुळेच झालं असं मी म्हणत नाही. कदाचित शेरा वाचूनही त्यांनी काढलंच असतं. पण तो ‘कदाचित’ शिल्लक ठेवला मी, आणि त्याचा फायदाही मीच घेते.

ऑगस्टमधल्या पहिल्या प्रॅक्टिसला गवत वाळून पिवळं पडलं होतं. रमिरो गाडीपर्यंत आले. ईशा पुढच्या सीटवर बसून बूट सोडत होती. “मिसेस, तुम्ही टीव्हीच्या कंपनीत आहात ना? चौसष्टवर निळा पडदा आहे. मी फोन केला, अर्धा तास गाणं ऐकवलं, मग एका मुलीने सांगितलं की मागणी नाही.” ते हसत होते. “मी तिला म्हटलं, ये माझ्या गॅरेजमध्ये, मागणीला बसायला जागा पुरत नाही. कोणाला सांगायला हवं?”

ईशाचे हात बुटाच्या नाडीवर थांबले. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण ऐकत होती.

“मी बघते,” मी म्हणाले. “चौकशी करते.”

“ग्रासियास. तुम्ही बघताय म्हणजे काम झालं,” ते म्हणाले. माझी ख्याती तशी होती.

गाडी हायवेला लागल्यावर ती म्हणाली, “मम्मा, इज दॅट युअर लिस्ट?”

“कंपनीची लिस्ट आहे, बेटा.”

“बट यू मेक इट.”

“मी फक्त टाइप करते.”

“डिड यू टेल देम अबाउट द गॅराज?”

मी लेन बदलली. आरशात बघितलं, मान वळवून मागे बघितलं, जरुरीपेक्षा जास्त वेळ. ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि रमिरोंनाही काही सांगितलं नाही. बारा वर्षांची पोर माझ्यासाठी गप्प बसायला शिकली. तिला मी ज्या ज्या गोष्टी शिकवल्या त्यांत ही एवढी एकच मी तक्ता न करता शिकवली.

दोन आठवड्यांनी रमिरोंनी माझ्या हातात एक लिफाफा दिला. “ज्याच्या हातात आहे त्याला द्या. मुलींनी लिहिलंय, माझ्या इंग्रजीवर कोणी विश्वास ठेवणार नाही.” आत एक पत्र आणि मागे सह्या. मी फक्त सह्या बघितल्या. पहिली सही जाधव काकांची, रमिरोंनी त्यांच्या घरी जाऊन घेतलेली, डॉक्टरांची असून वाचता येईल अशी. काकांनी नंतर फोन केला. “दिलंस का पत्र?” मी म्हणाले, “दिलं.” काका म्हणाले, “बरं झालं. त्या लोकांना जरा आमची टाळकी मोजून दाखव.” हे मी काकांशी पहिल्यांदाच खोटं बोलले. गेल्या हिवाळ्यात काका गेले. ते खोटं तसंच राहिलं.

त्या शरद ऋतूत रमिरोंच्या एका भावाने शिकागोजवळच्या सिसेरोहून मॅचेस टेपवर भरून पाठवल्या. शनिवारी मुली गेल्या, आठ, मग पाच. टेपवरच्या मॅचचा निकाल रमिरोंना आधीच कळलेला असायचा, आणि त्यांना चेहऱ्यावर काही लपवता येत नसे. पुढच्या वसंतात, ज्या वर्षी सतरा वर्षांनी एकदाच निघणारे सिकाडा किडे जमिनीतून वर आले आणि झाडाझाडांवरून असे ओरडले की मैदानावर शिट्टी ऐकू येईना, तेव्हा टीममध्ये नऊ नावं होती. त्यानंतरच्या शरदात टीमच नव्हती. मुली त्या वयात सोडतातच, कोणीही सांगेल. मीही लोकांना तेच सांगते. ईशा आता डिबेटला जाते, चांगली बोलते. रमिरो अजून बसच्या गॅरेजमध्येच आहेत. ग्रोसरीच्या दुकानात भेटलो की ते ईशाची चौकशी करतात. चौसष्टबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी चौकशी केली असेल आणि झालं नसेल, असंच ते धरून चालले असणार. त्यांच्या त्या समजुतीवर मी दोन वर्षं सुखाने जगले आहे.

आता ब्रेकरूममध्ये ऑफसाइड शिकवतात. इंग्रजी चॅनलना खेळ सापडायला लागला आहे. डगने परवा विचारलं, पुढच्या वर्षी सॉकरचं एखादं चॅनल परत घ्यावं का, अरोराकडे बघ जरा. मी हो म्हटलं. या वेळी शेरा लिहिला आहे, चार ओळींचा. त्याने मला काडीचंही हलकं वाटलेलं नाही. ज्या मुली गालिच्यावर बसायच्या त्या आता तेरा-चौदा वर्षांच्या आहेत, त्यांना चॅनल परत मिळून काय करायचं आहे?

काल पहिल्यांदाच ते पत्र मी पूर्ण वाचलं. इतके दिवस ते ऑफिसातल्या माझ्या टेबलच्या दुसऱ्या खणात होतं, आणि मला वाटायचं की मजकूर मला माहीत आहे. मजकूर साधा आहे. आम्ही बारा वर्षांखालची टीम आहोत, आम्ही दर शनिवारी एका टीव्हीवर इतके जण बघतो, कृपया आम्हाला मोजा. अक्षर ईशाचं आहे. सुरुवात ‘डिअर सर ऑर मॅडम’ अशी. तिला माहीत होतं मॅडम कोण. तरी तिने माझं नाव घातलं नाही, कोणाजवळ बोलली नाही, फक्त पत्र चांगल्या अक्षरात लिहून दिलं आणि उत्तराची वाट पाहिली असणार.

आमच्याकडे ग्राहकाच्या पत्राला दहा कामाच्या दिवसांत लेखी उत्तर देण्याचा नियम आहे. उत्तर पत्र लिहिणाऱ्याच्या नावाने जातं आणि एक प्रत ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याला. म्हणजे एक अरोराला, रमिरोंना. दुसरं आमच्याच घरी, जिना चढून उजवीकडच्या खोलीत. मसुदा मला येतो, असली शंभर उत्तरं मी लिहिली आहेत. काल कागद घेतला, वर तारीख घातली, ‘डिअर ईशा’ लिहिलं. पुढचं अजून लिहायचं आहे.